शेजारी वरचा मजला चढवतोय? आधी विचारा, गाड्या कुठे लावणार

शेजारच्या बंगल्यासमोर एक दिवस वाळूचा ढीग पडतो, दुसऱ्या दिवशी खडी येते, तिसऱ्या दिवशी सेंटरिंगच्या प्लेटा कंपाउंडला टेकवलेल्या दिसतात आणि मग आपल्याला कळतं की यांचं काम निघालंय. आपण गच्चीवरून विचारतो, काय काका, काम काढलं वाटतं? काका म्हणतात, हो गं, मुलाचं लग्न ठरलंय, एक मजला चढवतोय, आणि त्यावर आणखी एक भाड्याने द्यायला. आपण म्हणतो वा छान, आणि आत येऊन चहा ठेवतो. झालं, इथेच चुकतं. कारण तेव्हा विचारायचा प्रश्न एकच असतो, काका गाड्या कुठे लावणार, आणि तो आपण विचारतो दोन वर्षांनी, रात्री साडेनऊला, आपल्या गेटसमोर कुणाची तरी पल्सर आडवी असते तेव्हा.

आमची कॉलनी १९८० च्या आसपासची, प्लॉट पाडलेली सोसायटी, आतले रस्ते सहा मीटरचे म्हणजे आपल्या भाषेत वीस फुटी. गाव सांगत नाही, दोन्ही शेजारी वाचतात. डावीकडच्यांनी बांधलं तेव्हा मी वेळेत बोलले नाही, उजवीकडच्यांनी बांधलं तेव्हा बोलले, आणि दोन्हीतला फरक रोज गाडी काढताना दिसतो. म्हणून लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर झाला.

सुरुवातीला एक कडू गोळी घेऊन टाका. आपल्या घरासमोरचा रस्ता आपला नसतो. तिथे पंधरा वर्षं आपली गाडी उभी राहत असली तरी नसतो. सोसायटीचा अंतर्गत रस्ता असेल तर तो सगळ्यांचा, महापालिकेकडे गेलेला असेल तर मग सगळ्या गावाचा. त्यामुळे "आमच्या घरासमोर तुमची गाडी का" हे भांडण सुरू करायच्या आधीच आपण हरलेले असतो, समोरचा सरळ म्हणतो रस्ता तुमच्या वडिलांचा आहे का. आपला हक्क दोनच गोष्टींवर. एक, आपल्या गेटचं तोंड मोकळं पाहिजे, दुसऱ्याच्या आवाराचं येण्याजाण्याचं तोंड अडवून गाडी लावणं वाहतुकीच्या नियमांतच बसत नाही. आणि दोन, शेजाऱ्याने नव्या घरांसाठी जेवढं पार्किंग स्वतःच्या प्लॉटच्या आत द्यायचं कबूल करून परवाना घेतलाय तेवढं त्याने खरंच आत दिलं पाहिजे. सगळा जोर या दुसऱ्या गोष्टीवर लावायचा, कारण ती कागदावर असते.

वीस फुटी रस्त्याचं गणित एकदा मांडून बघा. गाडी पावणेदोन मीटर रुंद, आरसे धरून आणि गटारापासून थोडी लांब उभी केली की दोन मीटर धरा. दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की सहातले चार गेले, राहिले दोन. आगीचा बंब जवळपास अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे दोन्ही बाजू भरल्या की बंब आत येतच नाही, विषय संपला. शेजाऱ्याशी बोलताना मी हेच सांगते, माझ्या गाडीची अडचण होते असं म्हटलं की तो आपलं वैयक्तिक रडगाणं समजतो, बंब येणार नाही म्हटलं की ऐकतो, कारण त्याच्या घरात आई ऐंशी वर्षांची असते.

जिना बघा, जिना

लोक मजले मोजतात. मजल्यांनी पार्किंग जात नाही हो, जिन्याने जातं. जुन्या बंगल्याचा जिना घराच्या आतून असतो, हॉलमधून वर जाणारा. वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हटलं की भाडेकरू हॉलमधून कसा जाणार, मग बाहेरून जिना काढावा लागतो, आणि बाहेरून जिना म्हटला की कॉन्ट्रॅक्टरला एकच जागा सुचते, साइड मार्जिन, घर आणि कंपाउंडच्या मध्ये मोकळी सोडलेली जागा. म्हणजे बरोबर तीच पट्टी जिथे आत्तापर्यंत गाडी उभी राहत होती. डावीकडच्यांचं असंच झालं. आधी एक कुटुंब, एक गाडी, गाडी आत. काम झाल्यावर तीन घरं, दोन गाड्या, पाच टू-व्हीलर आणि आतली जागा शून्य, कारण गाडीच्या जागी जिना आणि जिन्याखाली पाण्याची मोटर.

दुसरं, कॉलम. जुन्या घरावर मजला चढवायचा तर इंजिनिअर बरेचदा खालच्या कॉलमना जॅकेटिंग करायला सांगतो, म्हणजे आहे त्या कॉलमभोवती नवीन सळया बांधून काँक्रीट ओतून तो जाड करायचा. नऊ इंची कॉलम सहज दीड फुटाचा होतो. पोर्चचे दोन कॉलम असे जाड झाले की मधली जागा दोन्ही बाजूंनी थोडी थोडी खाल्ली जाते, गाडी आत तर जाते पण दार उघडत नाही, मग गाडी बाहेर. काम मजबुतीचं असतं, ते करायलाच पाहिजे, पण मग गाडीची जागा दुसरीकडे दाखवायला नको का.

तिसरं म्हणजे जमिनीखालची टाकी, बोअर, सेप्टिक टँक. तीन घरं झाली की पाणी जास्त लागतं, नवीन टाकी पोर्चमध्ये खणतात, वर झाकण ठेवतात आणि त्या झाकणावर गाडी घ्यायची हिंमत कुणाला होत नाही.

आणि चौथं सगळ्यांना माहीत आहे, खाली पार्किंग दाखवायचं आणि भोगवटा, म्हणजे वापर सुरू करायचा दाखला, मिळाला की शटर लावून दुकान नाहीतर क्लासेस. पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात, धरत नाहीत, ती फुकट मिळते ती गाडीसाठी मिळते, तिथे ब्यूटी पार्लर निघालं की एकदम दोन नियम मोडतात.

नियम थोडक्यात, डोकं न खाता

मुंबई सोडून महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली असं लांबलचक नाव, सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला वेगळी, डीसीपीआर २०३४. काही हिल स्टेशनं, एमआयडीसी वगैरे यूडीसीपीआरच्या बाहेर आहेत. गोव्यात २०१० चे स्वतःचे नियम आहेत, तिथल्या मंडळींनी इथली आकडेमोड तिकडे लावू नये. मी खाली लिहितेय ते यूडीसीपीआरचं.

त्यात प्लॉटच्या आतल्या पार्किंगचं वेगळं प्रकरणच आहे. गाडीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, त्यातल्या निम्म्यापर्यंत जागा २.३ बाय ४.५ च्या चालतात. टू-व्हीलरला एक बाय दोन मीटर. किती गाड्या हे घरांच्या कार्पेट एरियावरून ठरतं, ढोबळ सांगायचं तर दीडशे चौरस मीटरच्या वरच्या घराला दोन गाड्या, ऐंशी ते दीडशेच्या घराला एक, चाळीस ते ऐंशीची दोन घरं असतील तर दोघांत मिळून एक, टू-व्हीलर वेगळ्या. यावर शहराप्रमाणे गुणक लागतो म्हणून नेमका आकडा मंजूर नकाशातच बघायचा.

आता गंमत. लहान प्लॉटवर एकाच कुटुंबाचा स्वतंत्र बंगला असेल तर त्याला वेगळ्या पार्किंगची सक्ती नसते. जुन्या कॉलन्यांमध्ये सगळे या सवलतीत बसलेले. पण तिथे वर एक आणि त्याच्या वर एक अशी वेगळ्या किचनची, वेगळ्या दाराची घरं झाली की तो एका कुटुंबाचा बंगला राहिला नाही ना. उजवीकडच्या काकांना हे माहीतच नव्हतं, ते म्हणत होते घर माझं, प्लॉट माझा, मुलगा माझा, एकच कुटुंब. बरोबर आहे, पण वरचा भाडेकरू काही तुमचा मुलगा नाही. तीन घरं, प्रत्येक ऐंशीच्या वर, म्हणजे गुणक सोडून तीन गाड्या, म्हणजे साडेबारा चौरस मीटरप्रमाणे साडेसदतीस, जवळपास चारशे स्क्वेअर फूट नुसत्या गाड्यांना, आत वळायची जागा सोडून. हा आकडा कागदावर लिहून दाखवला तेव्हा काकांचा मुलगा म्हणाला, आयला, हे आर्किटेक्टने सांगितलंच नाही.

प्लॉट अगदीच लहान असेल, दीडशे चौरस मीटरपर्यंत, तर तिथे नेहमीसारखी परवानगी काढावी लागत नाही, लायसन्स असलेल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीने कागद दाखल करायचे आणि पैसे भरायचे. पण परवानगी नको म्हणजे नियम नको असं नाही, मार्जिन वगैरे सगळं पाळायचंच असतं. आणि घर गुंठेवारीत, म्हणजे रीतसर मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या प्लॉटवर असेल तर मंजूर नकाशा हा प्रकारच बरेचदा नसतो, तिथे नियमितीकरणाची फाइल असते, ती मागायची.

कधी बोलायचं

चुन्याची फक्की पडते तेव्हा. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर दोरी लावून जमिनीवर पांढऱ्या रेघा मारतो ना, तेव्हा. तोपर्यंत जिना ही फक्त रेघ असते, पायाने पुसली तरी चालते. खड्डा खणला की त्याला पैसे लागलेले असतात, पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट, झाली की माणूस हट्टाला पेटतो, आणि स्लॅब पडला की मग देवाचं नाव घ्या.

उजवीकडच्यांच्या वेळी मी सकाळी दूध आणायला गेले होते तर साइड मार्जिनमध्ये साडेतीन फूट रुंद रेघा दिसल्या. ओळखलं, जिना. दूध फ्रिजमध्ये टाकलं आणि टेप घेऊन गेले. काकू झाडांना पाणी घालत होत्या. मी तक्रारीच्या सुरात बोललेच नाही, म्हटलं काकू, वॅगनआर कुठे लावणार आता? त्या म्हणाल्या, का गं, आहे तिथेच की. म्हटलं तिथे तर जिना येतोय. त्यांनी नळी खाली ठेवली, रेघांकडे पाहिलं, आणि आत हाक मारली, अहो जरा बाहेर या. पुढचं काम काकूंनीच केलं, मला फक्त टेपचं दुसरं टोक धरावं लागलं. भिंतीपासून कंपाउंडपर्यंत तीन मीटरला थोडं कमी भरलं, त्यातून जिन्याचे साडेतीन फूट गेले की राहिले सहा फूट, आणि वॅगनआर आरसे मिटले तरी पाच-सव्वापाच फूट. गाडी जाईल, माणूस कसा उतरेल? काका स्वतः गाडी घेऊन आत जाऊन बघून आले, डिकीतून उतरावं लागेल म्हणाले आणि हसले.

शेवटी जिना मागच्या बाजूला सरकला, मागच्या न्हाणीघराची भिंत पाडून. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, आर्किटेक्टने सुधारित नकाशा दाखल केला. खर्च वाढला का, वाढला. पण त्यांच्याच दोन गाड्या एकामागे एक आत राहतात. एकामागे एक म्हणजे पुढच्याला बाहेर पडायचं तर मागच्याने आधी काढायची, सून सकाळी सातला निघते म्हणून तिची मागे, असं त्यांचं त्यांनी ठरवलंय.

बोलताना एक पाळा, लग्न, वास्तुशांत, भूमिपूजन असल्या दिवशी विषय काढू नका. आणि बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर साधा मेसेज टाका, काका, सकाळी ठरल्याप्रमाणे जिना मागे आणि दोन गाड्या आत, थँक्यू. भांडणासाठी नाही हो, कॉन्ट्रॅक्टर बदलला की सगळे सगळं विसरतात म्हणून.

नकाशा कसा मिळवायचा

सगळ्यात सोपं म्हणजे मागायचा. परवाना आणि मंजूर नकाशाची प्रत साइटवर ठेवायची असते, सुपरवायझरला गोड बोललं तर फोटो काढू देतो. नाही दिला तर सोमवारची वाट बघा. फार लोकांना माहीत नाही, महाराष्ट्रात २०१८ पासून जिल्हास्तरीय कार्यालयं आणि महापालिका-नगरपालिकांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघायची मुभा आहे. नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागात जायचं, सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि जमलं तर परवान्याचा क्रमांक घेऊन. पहिल्या वेळी साहेब साइटवर गेलेत हे उत्तर मिळेल, ते गृहीत धरूनच जा, सोबत पाण्याची बाटली न्या.

तेही नाही झालं तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, ऑनलाइन पण होतं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत लागतो, म्हणून त्यात आपली कहाणी लिहायची नाही, शेजाऱ्याचा स्वभाव तर अजिबात नाही. सरळ मागा, अमुक प्लॉटवरील बांधकामाच्या प्रारंभ प्रमाणपत्राची (काम सुरू करायचा परवाना), मंजूर नकाशाची, त्यातल्या पार्किंगच्या तक्त्याची आणि असल्यास सुधारित परवान्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही आलं तर पहिलं अपील. कधी कधी त्रयस्थाची माहिती आहे म्हणून नकार देतात, तिथे अपिलात लिहायचं की खासगी आयुष्याचं काही मागत नाही, कार्यालयाने स्वतः मंजूर केलेला नकाशा मागतेय.

नकाशा हातात आला की घाबरू नका, निम्म्या रेघा आपल्या कामाच्या नसतात. नवीन काम लाल रंगात असतं, पाडायचं पिवळ्यात. आधी लाल काय काय आहे ते बघा आणि जिना शोधा. मग तळमजल्याच्या नकाशात गाड्यांचे चौकोन शोधा, त्यावर नंबर असतात. मग कोपऱ्यातला पार्किंगचा तक्ता, त्यात आवश्यक किती आणि प्रस्तावित किती असे दोन आकडे. आणि मग एक प्रश्न स्वतःला विचारा जो मला फार उशिरा सुचला, की या चौकोनापर्यंत गाडी जाणार कुठून? डावीकडच्यांच्या नकाशात मागच्या अंगणात एक मस्त चौकोन काढलेला होता, नियमाच्या मापाचा, अगदी बरोबर. फक्त तिथे जायचा रस्ता दोन मीटरचा आणि मध्ये तुळशी वृंदावन. कागदावर गाडी हेलिकॉप्टरने उतरत असावी.

काम चालू असताना

वर्षभर तरी त्रास आहे, तो धरून चला, आपलंही काम कधीतरी निघणारच आहे. पण तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात ठरवा. वाळू-खडी रस्त्याच्या त्यांच्या बाजूलाच, आपल्या गेटच्या कडेपासून एक गाडी वळेल एवढी जागा सोडून, शक्यतो चुन्याने रेघ मारून घ्या. स्लॅबच्या दिवशी मिक्सर आणि पंप आले की गल्ली बंद, त्याची खबर आदल्या दिवशी द्यायची म्हणजे आपण गाडी रात्रीच कोपऱ्यावर काढून ठेवतो. आणि राडारोडा, तो संपेपर्यंत कुणाचाच नसतो, म्हणून तो कोण आणि कधी उचलणार हे कॉन्ट्रॅक्टरकडून शेजाऱ्यासमोर वदवून घ्या. आपल्या कंपाउंडचे, गेटचे, गटारावरच्या फरशीचे फोटो काम सुरू होण्याआधीच काढून ठेवा, खडीचा डंपर मागे घेताना फरशी फुटते आणि ती आधीच फुटलेली होती असं म्हणतात.

नाहीच ऐकलं तर

नकाशात पार्किंग आहे आणि जागेवर जिना, खोली, शटर उभं राहतंय असं असेल तर लेखी तक्रार करा, लवकर करा. जोत्यापर्यंत काम आलं की होणाऱ्या जोता तपासणीच्या आधी गेली तर सोन्याहून पिवळं, निदान भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी तरी जाऊ दे, कारण भोगवट्याच्या आधी कुणीतरी येऊन सही करणार असतं आणि त्या फाइलमध्ये आपलं पत्र लागलेलं असलं की सही करणारा एकदा तरी खाली वाकून बघतो. पत्रात भाषण नको. नकाशात पार्किंग क्रमांक अमुक, जागेवर तमुक, तारखेचे फोटो सोबत, पाहणी करावी, एवढंच. आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचाच, शिक्का नसलेलं पत्र म्हणजे दिलंच नाही.

कायदा १९६६ चा आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. कलम ५४ खाली चालू काम थांबवायची नोटीस देता येते, ५३ खाली झालेलं बेकायदा काम काढायची, आणि महापालिका हद्दीत महापालिका अधिनियमाचं २६० वापरतात. पत्रात कलमं लिहिली म्हणजे फार धावपळ होते असं नाही, पण अर्ज भलत्याच टेबलावर जात नाही. महिनाभरात हाललं नाही तर अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा लोकशाही दिन असतो, महिन्याचा पहिला सोमवार. वकील, कोर्ट, स्टे हे सगळं आहे पण माझं मत विचाराल तर एका गाडीच्या जागेसाठी कोर्टात जाऊ नका, तारखा पडत राहतात आणि तोवर रोज सकाळी त्यांचाच चेहरा बघायचा असतो. सोसायटी असेल तर आधी कमिटीकडे जा, वीस घरांच्या सहीचं पत्र एका घराच्या पत्रापेक्षा जड असतं.

आता माझी फजिती सांगते. डावीकडच्यांच्या वेळी मी उशिरा जागी झाले आणि तावातावाने तक्रार केली. दीड महिन्याने पाहणीला एक तरुण इंजिनिअर आला. त्याने त्यांचा जिना पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग वळून आमच्याकडे पाहत विचारलं, मॅडम, हा पत्र्याचा शेड तुमचा का? आमचा. सासऱ्यांनी टाकलेला, साइड मार्जिनवर, खाली वॉशिंग मशीन, जुनी सायकल आणि गेल्या दिवाळीचे आकाशकंदील. म्हणजे आमची स्वतःची गाडी आत लावायची जागा अडगळीने भरलेली आणि गाडी रस्त्यावर. तो काही बोलला नाही, फक्त वहीत आणखी एक ओळ लिहिली. शेजारीण कठड्याला टेकून बघत होती. त्या रविवारी आम्ही शेड उतरवला, भंगारवाल्याने पत्र्याचे बरे पैसे दिले. त्यामुळे तक्रारीचा कागद हातात घ्यायच्या आधी आपला स्वतःचा मंजूर नकाशा काढा आणि बघा तुमचं पार्किंग नकाशाप्रमाणे आहे का, गेटबाहेरचा रॅम्प गटार ओलांडून रस्त्यावर किती आलाय तेही बघा. पाहणीला येणारा माणूस दोन्ही बाजूंना बघतो.

हातघाईवर येऊ नका हे वेगळं सांगायला नको पण सांगते. रस्त्यावर कुंड्या, पाण्याचे ड्रम, साखळी, स्वतः रंगवलेला नो पार्किंगचा बोर्ड हे सगळं अतिक्रमणच आहे, आपलं. हवा सोडणं तर विचारूच नका, आमच्या मागच्या गल्लीत त्यावरून पोलीस चौकीपर्यंत गेलं आणि सीसीटीव्हीत हवा सोडणारे आजोबा स्पष्ट दिसत होते. गेट खरंच अडवलं असेल तर आधी फोन, मग वाहतूक पोलीस, ते गाडी उचलतात. आणि गल्लीच अरुंद असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर वाहतूक शाखेकडे सम-विषम पार्किंग मागा, एक दिवस या बाजूला एक दिवस त्या बाजूला, ते पी-वन पी-टूचे बोर्ड पुण्यात जागोजागी आहेत तसे. ते अधिकृत लागलं की निदान एक बाजू रोज मोकळी राहते आणि बंबाची वाट सुटते.

बांधून झाल्यावर भाडेकरू

मजला भाड्याने जाणार असेल तर खरा खेळ इथे आहे. कुटुंब आलं तर एक गाडी एक स्कूटर. मुलांना कॉट बेसिसवर दिलं तर खोलीत चार मुलं आणि खाली चार बाइक, शिवाय त्यांचे मित्र. नियमात घराच्या आकाराप्रमाणे पार्किंग मोजतात, कॉटप्रमाणे नाही, त्यामुळे कागदावर सगळं ठीक असूनही रस्ता भरतो. यावर सरकारी उपाय शोधत बसू नका, मालकाशी बोला, भाडेकरारात एक ओळ घालायला लावा की अमुक इतक्या टू-व्हीलर आवारात लावायच्या, बाहेर नाही. उजवीकडच्या काकांनी घातली. त्यांनी मागच्या जिन्याखालची मोटर एका कोनाड्यात सरकवून तिथे तीन स्कूटर लागतील अशी फरशी करून घेतली, पिवळ्या पट्ट्या मारल्या, आणि चावी ठेवायला भिंतीला खिळा, म्हणजे मागची काढायची असेल तर पुढची कुणीही हलवू शकतो.

डावीकडे असं काही नाही. तिथे मी फक्त एवढं केलंय की सगळ्या भाडेकरूंचे फोन नंबर गाडीच्या नंबरासकट एका वहीच्या पानावर लिहून गेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, रात्री कुणाचं दार वाजवायचं हा प्रश्न तरी सुटला. मुलं चांगली आहेत, फोन केला की बनियनवर पळत येतात. परवा दुसऱ्या मजल्यावर नवीन मुलगा आलाय, बुलेट आहे, नंबर अजून घ्यायचाय.